पाऊस आणि उधाण एकत्र आले तर : अंजनवेल-खाडीपट्ट्यासाठी काही सूचना

२२ जुलै २०२१. बकरी ईदचा दुसरा दिवस. रात्रभराच्या पावसाने वाशिष्ठी नदी फुगली आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. हीच वाशिष्ठी पुढे दाभोळची खाडी होऊन अंजनवेलजवळ समुद्राला मिळते. समुद्राला भरती असली की पुराचं पाणी लवकर बाहेर पडत नाही, मागे तुंबतं. म्हणून फक्त पाऊस बघून चालत नाही, भरतीही बघावी लागते.

मोठी भरती, म्हणजे उधाण, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. आपल्या चांदच्या तारखेवरूनही अंदाज येतो: नवा चांद आणि चौदावी-पंधरावी, त्यानंतरचे दोन-तीन दिवस. २०२१ चा पूर ११ जिलहिज्जाला, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आला होता. उधाणाची एक भरती मध्यरात्रीच्या सुमारास येते, तेव्हा घर झोपेत असतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी.

आधीची तयारी : आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कुरआन शरीफ आणि धान्य उंचावर ठेवा. रोजची औषधं, टॉर्च, पिण्याचं पाणी हाताशी असू द्या. घरातली माणसं परदेशी असतील तर म्हाताऱ्यांना कोण नेणार, हे शेजाऱ्यांशी आजच ठरवा.

पाणी चढू लागलं तर : मेन स्विच बंद करा, पण पाण्यात उभं राहून नव्हे. गुरांची दावी सोडा. वेगाने वाहणारं वीतभर पाणीसुद्धा माणसाला पाडू शकतं, आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते. साकवावरून पाणी जात असेल तर थांबा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पाणी ओसरल्यावर : चिखलात अनवाणी फिरू नका, जखम झाकून ठेवा. ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची भीती असते. विहीर ब्लीचिंग पावडरने शुद्ध होईपर्यंत तिचं पाणी पिऊ नका. दुसरं स्वच्छ पाणी उकळून प्या. वजूला स्वच्छ पाणी नसेल तर तयम्मुमची सवलत आहे, इमामसाहेबांना विचारा.

तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आधी तयारी करावी, मग भरोसा अल्लाहवर ठेवावा.