उतारवयातील आहार, उपवास व व्यायाम : चातुर्मासापूर्वी थोडेसे

जमाखर्चाच्या पत्रकांपूर्वी आरोग्यविषयक एक लेख देण्याची आपल्या वार्षिक अहवालाची प्रथा आहे. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांनी नजरेखालून घातला आहे. लिहिणारे आम्ही मात्र वाणिज्य शाखेचे, तेव्हा मजकुरास कोठे हिशेबाचा वास आल्यास सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

विषयाची निवड एका प्रसंगावरून झाली. आषाढी एकादशीच्या दिवशी दुपारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्या, पासष्टी ओलांडलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या सूनबाईंनी रिक्षातून आणले. अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. घरच्यांची समजूत पक्षाघाताची झाली होती. तपासणीत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे आढळले. शिरेतून ग्लुकोज दिल्यानंतर काही वेळातच ते उठून बसले आणि सर्वांस ओळखू लागले. सकाळी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती. पोटात मात्र आदल्या रात्रीनंतर अन्नाचा कण नव्हता. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही : ‘‘साहेब, गोळी चुकवली नाही आणि उपवासही मोडला नाही. दोन्ही पाळलं.’’

डॉक्टरांची आज्ञा व व्रताचा नेम, दोहोंचे पालन करणारा हा सज्जन मनुष्य. चूक झाली ती या दोन नेमांची एकमेकांशी गाठ कोणीच घालून न दिल्याने. त्यात आमचाही वाटा आहे. औषधाच्या कागदावर ‘सकाळी एक’ असे लिहून देणाऱ्या आमच्या बाह्यरुग्ण विभागाने ‘उपवास करता काय’ हा प्रश्न त्यांना कधी विचारलाच नव्हता. आता तो प्रश्न केसपेपरवर छापून घेतला आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन वसूल करतात. मनुष्य जेवला आहे की नाही, याची चौकशी त्या करीत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका त्या मानाने बराच कमी. अलीकडे प्रचारात आलेल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्यांबाबत निर्जळी उपवासात शरीरातील पाणी घटण्याची व रक्तात आम्ल साठण्याची वेगळीच भीती असते. रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ घेणाऱ्या आजीबाईंनी निर्जळी एकादशी केली, तर संध्याकाळी देवापुढून उठताना त्यांस भोवळ येणे नवलाचे नाही. आणि या वयात भोवळीचा शेवट पुष्कळदा खुब्याच्या अस्थिभंगात होतो. म्हणून व्रतापूर्वी डॉक्टरांस विचारून गोळीची मात्रा व वेळ बदलून घ्यावी. मनाने गोळी बंद करणे हादेखील उपाय नव्हे. उपवासाच्या दिवशी हातपाय थरथरू लागले, घाम फुटला किंवा साखर 70 च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि उपवास तेथेच सोडावा. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

आता थोडे आमच्या परिसराविषयी. धाटावची रासायनिक कारखानदारी तीन पाळ्यांत चालते. येथे तीस-तीस वर्षे काढलेल्या कामगाराचे जेवण, झोप, चहा, सारे काही पाळीच्या घड्याळाने बांधलेले असते. कँटीनची वेळ ठरलेली, प्लांटमधील जिने दिवसातून अनेकवार चढायचे, घरी भाताची लावणी-कापणीही असतेच. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून ते घड्याळ नाहीसे होते. न्याहारी दहाला, जेवण दोनला, मधे नातवंडांबरोबर बिस्किटे आणि रात्री मालिका संपेपर्यंत ताट पुढ्यात! निवृत्तीनंतरच्या दोन-तीन वर्षांत ज्यांचे पोट सुटले आणि पाय बारीक झाले असे गृहस्थ आमच्या बाकांवर रोज दिसतात. सवय लागण्यास मनोनिग्रहापेक्षा वेळापत्रक अधिक उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे. ज्यांनी घरात जेवणाच्या वेळा पाळीप्रमाणेच ठेवल्या, त्यांची साखर बहुधा काबूत आढळते.

‘आम्ही कोठे जाड आहोत?’ असा प्रश्न काटक बांध्याची मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण देण्यासारखे आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचे 21.2 टक्के. दोन संस्थांच्या ताळेबंदाची बेरीज सारखी असावी आणि एकीच्या मालमत्तेत निम्मी बुडीत येणी निघावीत, तसे हे आहे. आपल्याकडील सडपातळ माणसास मधुमेह का होतो, याचा उलगडा यातून बराचसा होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचा अंदाज मांडला गेला, त्यात आपला जिल्हाही आलाच.

चरबीच्या जोडीस स्नायूंचा घसारा येतो. हिशेबाच्या वह्यांत यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा काढतात, तसा निसर्ग तिशीनंतर स्नायूंवर काढू लागतो व साठीनंतर त्याचा दर वाढवतो. फरक इतकाच की, यंत्राचा घसारा भरून येत नाही. स्नायूंचा बऱ्याच अंशी येतो. 1990 मध्ये बोस्टन येथील एका वृद्धनिवासात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. एकाने मधेच सोडला. उरलेल्या नऊ जणांची पायांतील शक्ती सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे साधते, तर पासष्टीत ‘आता काय उरले’ असे म्हणण्यास जागा नाही.

मात्र त्यासाठी पोटात प्रथिने जावी लागतात, आणि आपल्या कोकणी ताटात भाताचा डोंगर व आमटीचा ओहोळ! राष्ट्रीय शिफारशीनुसार प्रौढ माणसास वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे 50 ग्रॅम. वृद्धांनी 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत जावे असे बरेच तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून प्रमाण वाढवू नये. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात 18-20 ग्रॅम, मूठभर कडव्या वालांत 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पावडरीचे डबे घेण्याची ऐपत नसलेल्यांनी खंत करू नये. वालाचे बिरडे, मुगाची उसळ, घरचे ताक-दही आणि आठवड्याच्या बाजारातील मासळी एवढ्यात भागते. खारवलेली सुकी मासळी रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावी. पोपटीच्या दिवसांत वालाच्या शेंगा व अंडी एकाच मडक्यात शिजतात हे पाहून आमच्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या की, वर्षभर असेच मडके लागले असते तर त्यांचे निम्मे काम कमी झाले असते.

उपवासाचे ताट पाहिले की परिस्थिती नेमकी उलटी दिसते. शंभर ग्रॅम साबुदाण्यातून सुमारे 350 उष्मांक मिळतात आणि प्रथिने जवळजवळ शून्य. त्यावर बटाटा, तूप, पुन्हा साबुदाण्याचेच वडे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. संकष्टीस दिवसभर चहावर राहून रात्री चंद्रोदयानंतर, म्हणजे कधी नऊ वाजून गेल्यावर, मोदकांसह भरपेट जेवून लगेच निजणारेही पुष्कळ. आमच्या उपहारगृहातही परवापरवापर्यंत सोमवारी व एकादशीस साबुदाणा खिचडीखेरीज फराळाचा दुसरा पदार्थ मिळत नव्हता, हे प्रांजळपणे नमूद करतो. आता राजगिऱ्याची भाकरी, दही, उकडलेले रताळे आणि दाण्याची आमटी ठेवतो. खिचडी बंद केलेली नाही, कारण ती बंद करताच रुग्णांचे नातेवाईक बाहेरच्या टपरीवरून वडे आणू लागले. भगर खाणाऱ्यांनी ती स्वच्छ, कोरडी घ्यावी व जुने, दमट पीठ वापरू नये. बुरशी धरलेल्या भगरीच्या पिठाने विषबाधा होते.

उपवासाच्या आरोग्यमूल्याविषयी अलीकडे फार बोलले जाते. महाराष्ट्रात कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेलेला विचार बहुतेकांस ठाऊक आहे : दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवावे, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. अधूनमधून तोंडात टाकण्याच्या सवयीस त्याने आळा बसतो, हा त्याचा मोठा गुण. कोणतीही विकतची वस्तू लागत नाही, हा दुसरा. पंचेचाळिशीतल्या स्थूल माणसास आम्ही त्यापासून परावृत्त करीत नाही. परंतु दात गेलेल्या, एका वेळी चतकोर भाकरी खाणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजोबांनी दोनच जेवणे घेतली, तर त्यांची प्रथिने पुरी कशी व्हायची? साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न वर आलाच आहे. खाण्याचे तास कमी करण्यात काही गूढ शक्ती आहे, असेही दिसत नाही. चीनमध्ये 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेल्या व 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उष्मांक सारखेच घटवले असता, सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा लक्षणीय अधिक उतरले नाही. तेव्हा ज्यास जी पद्धत वर्षानुवर्षे निभावेल ती त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने धरावी, असे आमचे मत आहे.

चालण्याचे नाव काढले की आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे स्मरण होते. तेथे 1895 मध्ये जन्मलेले विनोबा भावे 1951 साली भूदानासाठी चालू लागले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, आणि 1964 पर्यंत ते पायीच देशभर हिंडले. पोटाच्या व्रणामुळे त्यांचा आहार अत्यल्प व मुख्यतः दूध-दह्याचा असे. तो सर्वसामान्यांनी गिरवण्यासारखा नाही. 1982 मध्ये पवनार येथे त्यांनी केलेला अन्नत्याग हाही आरोग्याच्या उपवासाचा दाखला नव्हे. घेण्यासारखी गोष्ट एकच : पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा आपल्याकडे लोक निवृत्तिवेतनाचे कागद जमवतात, तेव्हा त्यांनी रोजच्या रोज पहाटे निघून पुढील मुक्काम गाठण्याचा परिपाठ सुरू केला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही त्यात असावेत, अशी भर घातली. आपल्याकडील अडचण वेगळीच आहे. जून ते सप्टेंबर येथे पाऊस असा कोसळतो की छत्री उघडून उपयोग नाही. रोहा-कोलाड रस्त्यावर पहाटेच्या अंधारात टँकरच्या बाजूने ज्येष्ठांनी चालावे, असे आम्ही सुचवणार नाही. आणि नेमक्या याच महिन्यांत चातुर्मास येतो. चालणे थांबते त्याच वेळी साबुदाणा वाढतो. वर्षभराच्या मेहनतीने आटोक्यात आलेली साखर गणपतीनंतरच्या तपासणीत वर गेलेली आढळते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यावर उपाय म्हणून पावसाळ्यात सकाळी सहा ते सात या वेळात तळमजल्यावरचा लांब व्हरांडा ज्येष्ठांस चालण्यासाठी खुला ठेवण्यात आला आहे. चालून झाल्यावर बिनहाताच्या खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणे-बसणे करावयाचे. पाच वेळांस पंधरा सेकंदांहून अधिक लागत असतील तर पायांची ताकद उणी आहे असे समजून फिजिओथेरपी विभागात नाव नोंदवावे. पूर्वी पाटावर बसून जेवणाऱ्या पिढीचा हा व्यायाम दिवसातून दोनदा आपोआप होई. टेबल-खुर्ची आली आणि तो गेला. (आम्ही स्वतः प्रथम ही चाचणी दिली तेव्हा सोळा सेकंद लागले. विश्वस्तांच्या बैठकीत हे सांगितले नव्हते, ते येथे सांगतो.)

एका देणगीदारांनी याच कामासाठी विजेवर चालणारा चालपट्टा देऊ केला होता. त्यांच्या औदार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि पावसाळ्यातील वीजपुरवठा, दुरुस्तीचा वार्षिक खर्च आणि वृद्धांचा तोल यांचा विचार करून, त्याच रकमेतून व्हरांड्याच्या दोन्ही भिंतींना कठडे, बारा बिनहाताच्या खुर्च्या व साखर तपासण्याच्या पट्ट्या द्याव्यात, अशी विनंती आम्ही केली. त्यांनी ती मान्य केली. पाटी कशावर लावायची हा प्रश्न काही काळ होता. खुर्च्यांच्या पाठीवर नावे घालून तो सोडवला.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ आता रोज येतात. एकादशी ते आजही करतात. गोळीची मात्रा व वेळ त्या दिवसापुरती डॉक्टरांनी बदलून दिली आहे आणि दुपारी दही व राजगिरा खाण्याचे त्यांनी कबूल केले आहे. आषाढी एकादशीच्या आधीच्या पंधरवड्यात दररोज दुपारी तीन ते पाच या वेळात उपवास करणाऱ्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांची विनामूल्य तपासणी होईल. येताना घरात असतील तेवढ्या सर्व गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, जुन्या पाकिटांसह. आणि शक्य झाल्यास घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते तिलाही बरोबर आणावे.