ससा कधी जागा असतो?

खार दिनचर, वटवाघूळ निशाचर, मग ससा? माळावरचा ससा दिवसभर गवतात कान पाठीला चिकटवून दडून बसतो आणि चरायला निघतो तो तिन्हीसांजेला किंवा झुंजुमुंजू होताना. असे प्राणी संधिप्रकाशचर. रातवा हा पक्षीही याच वेळी उडते किडे टिपतो. त्याच्या दृष्टिपटलामागचा चकाकता थर निसटलेला प्रकाश परत फिरवतो, म्हणून अंधूक उजेडही त्याला पुरतो. मादागास्करचे तपकिरी लेमूर मात्र यांपैकी कोणत्याच गटात बसत नाहीत: ते दिवसाही हिंडतात, रात्रीही.

पण या वेळा पक्क्या नसतात, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ६२ सस्तन प्रजातींच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणसांची वर्दळ जास्त, तिथे प्राणी रात्रीकडे सरकलेले आढळले. माणूस शिकारीला आलेला असो की नुसता भटकायला, परिणाम साधारण सारखाच होता.