खोक्याची फट आणि हरवलेला खर्ज

जुन्या स्पीकरच्या खोक्यातून डग्गा नीट ऐकू येईनासा झाला, की आपण स्पीकरलाच दोष देतो. दोष कधीकधी खोक्याच्या उकललेल्या सांध्यांत असतो. पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर; त्या मानाने खोके लहानच. म्हणून फटीतून निसटलेली विरळ हवा पुढचा दाब खोडते आणि खर्ज विरतो.

खर्जाचे स्वर वाजवून उदबत्ती सांध्यांजवळून, थोडे अंतर राखून फिरवावी. धूर थरथरेल तिथे फट समजावी. जुना सरस खरवडून नवा भरावा आणि सांधा दोरीने आवळून रात्रभर ठेवावा. मुद्दाम ठेवलेले गोल छिद्र मात्र बुजवू नये. नवा स्पीकर आणण्याआधी एवढे करून पाहू या.