कानाचे दडे आणि नाकामागचे दोन ओघळ

उदगीरच्या एका वाचकाचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही : 'नाकातलं मांस काढून दोन महिने झाले, श्वास मोकळा झाला, पण कानाचे दडे का सुटत नाहीत?'

वाचताच लातूरच्या आडत बाजारातले एक मुनीम आठवले. करपलेल्या फोडणीचा वासही त्यांना येत नसे, पण त्याची तक्रार नव्हती; सौद्यातली बोली ऐकू येईना म्हणून आले होते. वर्षभर कानात कोमट तेल घालून झालं होतं. तेल पडद्याच्या बाहेर, दुखणं पडद्याच्या आत. पडद्यामागे डिंकासारखा पिवळट, चिकट द्रव साचला होता आणि नाकात दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारखे कोंब.

मधल्या कानापासून नाकाच्या पार मागच्या टोकापर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटरची एक नळी जाते. 16व्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की टाळूचा स्नायू ती क्षणभर उघडतो आणि कानात हवा शिरते. हवा मिळाली नाही की पडदा आत ओढला जातो, मागे द्रव पाझरतो, आणि आपण म्हणतो दडे बसले.

कोंब त्या नळीच्या तोंडावरच बसतात, असा अनेकांचा समज असतो. तसं क्वचितच होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी शेंबूड कुठून कुठे वाहतो याचा वर्षानुवर्षं माग काढला. अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला ठरलेल्या वाटेनंच ढकलतात. गालाच्या आणि कपाळाच्या सायनसचा ओघळ नळीच्या तोंडापुढून, खालच्या अंगानं जातो. सर्वांत मागच्या सायनसचा वरून, मागच्या अंगानं. ओढ्याचं पाणी धोंड्याला दोन्हीकडून वळसा घालतं, अगदी तसं. दुर्बिणीतून हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. स्राव घट्ट झाला की हेच ओघळ नळीच्या तोंडावर चढतात आणि तिथलं अस्तरही सुजतं.

उदगीरकरांचं उत्तर यातच आहे. आपण ज्याला मांस म्हणतो ते सुजून लोंबणारं अस्तर, आणि तेच अस्तर नळीतून कानापर्यंत गेलेलं. शस्त्रक्रियेत कोंब निघतात, सुजेची खोड निघत नाही. नाकातला फवारा आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चालू ठेवा. दोन महिने थोडे आहेत. मात्र दमा असेल, किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळीनं धाप लागत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा काहींच्या कानातला द्रव इओसिनोफिल पेशींनी भरलेला असतो. पडद्यात बारीक नळी बसवली तरी पुन्हा साचतो आणि दुर्लक्ष झालं तर आतल्या कानालाही इजा करतो. जपानी डॉक्टरांनी 2011 मध्ये या दुखण्याच्या निदानाचे निकष मांडले. मुनीमजींचा कान याच जातीचा होता. त्यांना स्टिरॉइड द्यावं लागलं.

घरी एक करून पाहा. एका कानात बोट घालून, तोंड मिटून 'हूं' म्हणा. आवाज बुजलेल्या कानात घुमेल. द्रव साचलेला कानही असाच घुमतो. पण एक कान अचानक गेला आणि हुंकार दुसऱ्या, चांगल्या कानात घुमला, तर ते पडसं समजून थांबू नका. नसेला इजा झालेली असू शकते आणि औषधाला पहिले काही दिवसच मिळतात. नांदेडकरांनी विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरकरांनी आपलं, त्याच दिवशी गाठावं. मोठ्या माणसाच्या एकाच कानात द्रव टिकून राहिला, तर नाकामागे गाठ नाही ना, हेही दुर्बिणीनं पाहून घ्यावं.

मुनीमजींना सौद्यातली बोली नीट ऐकू यायला चार महिने लागले. त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या आठवड्यात, घरातल्या फोडणीचा वास आला म्हणून ते सकाळीच सांगायला आले होते.