आखूड सळईची गोष्ट

सरगूरला आमचं हार्डवेअरचं दुकान. आठ मिलीची सळई रोज हाताळतो, पण वाकवायची तर पाइप लावतो. म्हणूनच अमेरिकेच्या जॉन ब्रुकफिल्डला मी मानतो. 7 इंच लांब, 5/16 इंच जाड पोलादी ‘रेड नेल’ त्याने नुसत्या हातांनी मुडपला. लांब सळईचं काय कौतुक? तुकडा जितका आखूड, तितकी तरफ कमी. सगळा भार मनगटावर. टोकांना कापड गुंडाळून तो वाकवतात. पहिला बाक पडेपर्यंतच खरी झोंबाझोंबी.

पकडीत मात्र जो किनी दादा माणूस. 1998 साली त्याने चौथ्या नंबरचा, 365 पौंडांचा ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबायचा स्प्रिंगचा चिमटा, मिटवला. सराव उलटा: ग्रिपर कसाही मिटवायचा आणि उघडताना बोटांनी अडवत राहायचं. आमच्या हमालांना हे सांगितलं. म्हणाले, ‘‘मालक, त्याला सिमेंट उतरवायला बोलवा.’’