सूर्याची चूल आणि आपलं मीटर

"समुद्राच्या पाण्यापासून वीज होणार म्हणतात, मग आमचं बिल कधी कमी होणार?" असं एका श्रोत्या ताईंनी विचारलंय. आज त्यावरच बोलू.

तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, ती जड अणू फोडून. सूर्यात उलटं चालतं. तिथे हायड्रोजनचे हलके अणू एक होऊन हेलियम बनतो आणि प्रचंड उष्णता सुटते. हे संमीलन. ना धूर, ना राख. त्यासाठी लागणारा जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 33 ग्रॅम असतो. त्याच्या जोडीला लागणारं ट्रिटियम मात्र निसर्गात नावापुरतंच. ते लिथियमपासून करून घ्यावं लागतं. 'फुकटची वीज' म्हणणारे हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

खरी अडचण तापवण्याची. अणूंचे गाभे एकमेकांना दूर लोटतात. ते एकत्र यावेत म्हणून सुमारे 15 कोटी अंश तापमान लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या दसपट! एवढी आच सोसणारं भांडं कुठून आणणार? म्हणून तो तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. पकड जरा सुटली की तो निवतो आणि सगळं विझतं. त्यामुळे चेर्नोबिलसारखा भडका उडण्याची भीती यात नाही. भट्टीचा आतला भाग मात्र किरणोत्सारी होतो, तो जपूनच हाताळावा लागतो.

आता हिशेब मीटरच्या भाषेत. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत लेसरच्या प्रयोगाचा गाजावाजा झाला. इंधनाच्या गोळीवर पडली त्याच्या दीडपट ऊर्जा बाहेर आली, हे खरंच; पण ती एक युनिटही नव्हती, आणि लेसर चालवायला 80 युनिटच्या वर वीज गेली होती. इंग्लंडच्या 'जेट' यंत्राने 2023 मध्ये सुमारे 19 युनिट उष्णता दिली, तीही जेमतेम पाच सेकंदांत, मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या इंधनातून. तिथेही मिळालं त्यापेक्षा घातलं जास्त.

फ्रान्समध्ये 'इटर' नावाची मोठी भट्टी उभी राहतेय. भारत त्यात भागीदार आहे. तिला बाहेरून वेढणारं दहा मजली उंचीचं पोलादी पात्र भारताने दिलं. त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. पण इटरही प्रयोगच. खऱ्या इंधनावर ती 2039 च्या सुमारास चालेल, आणि तिची वीज कुणाच्या तारेत येणार नाही.

तेव्हा ताई, छपरावर सोलर बसवायचा विचार असेल तर यासाठी थांबू नका. त्याचा अर्ज कसा भरायचा, ते पुढच्या गुरुवारी सांगू.