हाती लागलेला कृमी, निसटलेलं श्रेय

‘आजोबा पंच्याण्णवी गाठून गेले, मग माझंही निभेल ना?’ असं विचारणारे वाचक बरेच आहेत. आता तर थुंकीच्या नमुन्यावरून ‘दीर्घायुष्याची जनुकं’ तपासून देणारेही निघाले आहेत. त्यांना पैसे देण्याआधी दोन आकडे पाहावेत. १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासातून १९९६ मध्ये असं निघालं, की माणसामाणसांच्या आयुर्मानातल्या फरकाचा जेमतेम पाव हिस्सा आनुवंशिक असतो. २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी चाळल्या, तेव्हा तो १० टक्क्यांच्याही खाली घसरला. कारण मजेशीर होतं. रक्ताचं नातं नसलेल्या मेहुण्यांची, नणंदा-भावजयांची आयुष्यंही जुळत होती! सोयरीक होते ती आपल्यासारख्यांशीच, आणि सारख्या राहणीचं पुण्य जनुकांच्या खात्यावर जमा होत होतं. आकड्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही.

जनुकांचा हात आहे, हे मात्र नक्की. तो सापडला मिलिमीटरभर लांबीच्या ‘सी. एलेगन्स’ या कृमीत, आणि तिथे मायकेल क्लास यांचं नाव आधी घ्यायला हवं. हा कृमी दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. पण प्लेटमध्ये पिल्लांची गर्दी झाली, की मूळचा म्हातारा कोणता तेच कळेना! क्लासनी मग २५ अंश तापमानाला पिल्लंच होत नाहीत असा वाण घेतला, रसायनाने उत्परिवर्तनं घडवली आणि हजारोंमधून जास्त जगणारे मोजके कृमी वेचले. १९८३ च्या शोधनिबंधात त्यांनी लिहिलं, की हे कृमी खातात कमी म्हणून टिकतात. आयुष्य ठरवणारी जनुकं एकतर अतिदुर्मीळ असावीत, नाहीतर अनेक मिळून ते काम करत असावीत. मग त्यांनी हा विषयच सोडला.

त्याच कृमींमध्ये टॉम जॉन्सन यांना १९८८ मध्ये ‘एज-१’ हे एकच जनुक कारणीभूत दिसलं. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी ‘डॅफ-२’मधल्या बिघाडाने आयुष्य दुप्पट होतं हे दाखवलं आणि नाव झालं ते त्यांचं. पुढे कळलं, की दोन्ही जनुकं इन्सुलिनसारख्या एकाच संदेशाच्या साखळीतली आहेत. तो संदेश क्षीण झाला, की पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्या शेतकऱ्यासारखी पेशी वाढ बाजूला ठेवून डागडुजीला लागते.

या साखळीच्या टोकाचं माणसातलं जनुक म्हणजे ‘फॉक्सो-३’. त्याचा एक प्रकार हवाईतल्या जपानी वंशाच्या दीर्घायुषी, धडधाकट पुरुषांत जास्त आढळल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं. परिणाम खरा, पण माफक. २०१० मध्ये तर १५० जनुकखुणांवरून शतायुषी ओळखता येतात असा गाजावाजा झाला. तपासणीच्या चिपमध्येच दोष निघाला आणि वर्षभरानंतर तो निबंध मागे घ्यावा लागला.

क्लास यांचा अंदाज कृमींच्या बाबतीत फसला. माणसाच्या बाबतीत मात्र त्यातला दुसरा पर्याय, अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा, हाच आजवर टिकला आहे. असे बारीक वाटे जोडून एखाद्याचं आयुष्य वर्तवणं अजून कोणाला साधलेलं नाही, मग किटच्या वेष्टनावर काहीही छापलेलं असो.